उलांडीची उपेक्षा

कॅटामरान आणि ट्रायमरान या अनुक्रमे दोन आणि तीन अंगांच्या जोडनौकांविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात मद्रास किनाऱ्यावरच्या ओंडक्यांच्या तराफ्यापासून आरंभ करून थेट फ्रेंच शर्यतवीरांच्या विक्रमांवर उडी घ्यावयाची, असा एक दस्तूरच पडून गेला आहे. आणि रत्नागिरीपासून गोमंतकापर्यंत आपल्याच मुलखात उलांडीची, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका जोडलेली, होडी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात जात आली, याची दखल घेण्याची तसदी कोणी घेत नाही. त्या तराफ्याचे आजच्या जोडनौकेशी नाते नावापुरतेच. खरे नाते शोधावयाचे तर ते उलांडीत शोधावे, असे मी पुष्कळ वर्षे सांगत आलो आहे, आणि तलासरीकडच्या झरीत बसून दर्यावर्दीपणा शिकवतो म्हणून काही विद्वानांच्या थट्टेचा विषयही झालो आहे.

पश्चिमेचा इतिहास मी धावतच ओलांडतो. १६६२ साली सर विल्यम पेटी याने डब्लिनला जोडनौका बांधली. तिचे कौतुक झाले आणि यथाकाल विस्मरणही झाले. १८७६ साली नॅथॅनियल हेरेशॉफची ‘अमॅरिलिस’ न्यूयॉर्कच्या शर्यतीत भल्याभल्या नौकांना मागे टाकून गेली, तेव्हा तेथील मंडळींनी तिचा अभ्यास करण्याऐवजी तिला बाद ठरवण्याचा सोयीचा मार्ग पत्करला. पुढे जोडनौका बांधणारे प्राउट बंधू आले, १९७६ ते २००८ ‘टॉर्नेडो’ ही जोडनौका ऑलिंपिकमध्ये धावली, आणि १९७८ साली अटलांटिकपार शर्यतीत माइक बर्चच्या चिमुकल्या ट्रायमरानने एका मोठ्या एकअंगी नौकेला अवघ्या ९८ सेकंदांनी हरवले. २०१७ साली फ्रान्सिस जॉयाँच्या ट्रायमरानने एकेचाळीस दिवस पुरे व्हायच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पराक्रम निःसंशय मोठा. पण त्या कार्बनतंतूंच्या अजस्र यंत्रांविषयी मला ममत्व वाटत नाही, हे सांगून टाकलेले बरे.

उलांडीची गोष्ट वेगळी. आंब्याचा सरळ बुंधा कोरून अरुंद होडी करावयाची, वर फळ्या चढवून तिची उंची वाढवावयाची, तिच्यावर दोन आडव्या काठ्या टाकून त्यांच्या टोकांना पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका जोडावयाचा, इतकाच हा कारखाना. परंतु उलांडी वाऱ्याच्या अंगाला असली म्हणजे तिचे वजन होडीला कलू देत नाही, आणि विरुद्ध अंगाला असली म्हणजे तिचा तरंगण्याचा जोर तेच काम करतो, त्यामुळे पोटात दगडांचे नीरम भरल्यावाचून निमुळती होडी शीड पेलते. अरुंद अंगामुळे लाट कमी उठते आणि वेग वाढतो, हे गणित पुढे ज्यांनी कागदावर मांडले त्यांच्या कितीतरी आधी ते काथ्याने बांधले गेले होते.

काथ्यानेच, हे महत्त्वाचे. वेंगुर्ल्याच्या पुळणीवर एका वृद्ध सुताराला मी उलांडी बांधताना पाहिले. भिजवलेल्या काथ्याचे फेरे तो पायाने ताणून घेई, दोन फेऱ्यांच्या मधून आडवा फेरा ओढी, आणि बांधून झाल्यावर काठीवर बसून ती मुद्दाम हलवून पाही. सांधा किंचित कुरकुरला, सरकला आणि पुन्हा जागेवर आला. लोखंडी खिळा का नको, असे मी विचारले, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “खिळो मारलो तर पयल्याच लाटेक काठी मोडतली.” होडीची लाट वेगळी आणि उलांडीची वेगळी, दोघींना ताठ जखडले की सारा ताण सांध्यावर येतो. जेम्स व्हॅरम या इंग्रजाने १९५५-५६ मध्ये स्वतः बांधलेल्या ‘तांगारोआ’तून अटलांटिक ओलांडला, आणि पुढे आपल्या जोडनौकांच्या तुळया दोरांनी बांधण्याचा पुरस्कार केला; तेव्हा युरोपला तो साक्षात्कार वाटला. वेंगुर्ल्याला तो रोजचा व्यवहार होता.

जोडनौका उलटली की उलटीच राहते, असा आक्षेप एकअंगी नौकांचे अभिमानी घेतात. आक्षेप खरा आहे. परंतु भगदाड पडलेली शिशाच्या पठाणाची, म्हणजे तळकण्याची, नौका तळ गाठते आणि उलटलेली जोडनौका निदान तरंगते, हा जमाखर्च ते पुरा मांडत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, सारे आपल्याच पूर्वजांनी शोधले. आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांचे जहाज पुढे करतो. पण उलांडी पाहावयाची तर जावातील बोरोबुदूरची शिल्पे पाहावीत. मद्रासच्या मत्स्यखात्याचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली आपल्या उलांडीचा संबंध पूर्वेच्या द्वीपसमूहांशी जोडला, तो मला पटतो. मलायाचे खलाशी येथवर आले असतील तर त्यात आपला कमीपणा कोणता?

आमच्या डहाणू-तलासरीकडे मात्र उलांडी नाही. येथे उधाणाला पाणी चढते तेही भरपूर आणि ओसरते तेही दूरवर. बोर्डीला ओहोटीत समुद्र शोधत जावे लागते. अशा उथळ चिखलात अल्प पाण्यात तरंगणारी होडी उपकारक ठरेल, म्हणून मी एकदा झाईच्या एका तांडेलाजवळ उलांडीची तजवीज बोलून दाखवली. त्याने खाडीत एकमेकींना खेटून नांगरलेल्या होड्यांकडे हात केला. “दादा, एवढी पसरट होडी शिरेल कुठून? शेजारी शिव्या देईल.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ग्रंथांतही ते मला सापडलेले नाही.

आता तर मोटार आणि फायबर यांनी शिडाचा प्रश्नच निकालात काढला. आंब्याचे बुंधेही कुठून मिळावेत? आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठीदेखील रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, अशी ताकीद दिली होती; आज ताकीद कोणी देत नाही आणि झाडही उरत नाही. नौदलाचे ‘मकर’ हे जोडअंगी सर्वेक्षण-जहाज २०१२ साली कारवारला दाखल झाले, मांडव्याला जाणारा प्रवासी वातानुकूलित कॅटामरानमध्ये बसून वर्तमानपत्र वाचतो, आणि आमच्या किनाऱ्यावर २०२४ साली वाढवण बंदराची कोनशिलाही बसली. या सर्व प्रगतीत व्हॅरमच्या नौकेचे नकाशे हवे असणाऱ्याला ते पैसे भरून टपालाने मागवता येतात. उलांडीच्या होडीचे मापशीर नकाशे हवे असतील तर कोणाचे दार ठोठवावे, हे मला विचारावयास येणाऱ्या तरुणांना मी वेंगुर्ल्याचाच रस्ता दाखवतो, आणि सोबत मोजपट्टी नेण्यास सांगतो.