समाजाचे अभ्यासक : डॉ. घुर्ये

अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत गायक, वादक, मूर्तिकार असे अनेक कलावंत राहतात. ते कला कोणापासून शिकले? तिच्यावर त्यांचा चरितार्थ चालतो काय? त्यांची मुले ती पुढे चालवतील काय? अशा प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणारे शास्त्र म्हणजे समाजशास्त्र होय.

मुंबई विद्यापीठात हे शास्त्र रुजविणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ साली मालवण येथे झाला. केंब्रिज येथे उच्च शिक्षण घेऊन १९२४ साली ते मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९५९ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी अनेक संशोधक घडविले. इरावती कर्वे त्यांपैकीच एक. जातिसंस्थेबरोबरच वेशभूषा, भरतनाट्य व नगरे यांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. वऱ्हाडातील कलावंतांच्या जीवनाचाही असाच अभ्यास करता येईल.