वेढे, तुकडे आणि मिलिग्रॅम (लेखांक 5)

बाळगुटीचे माप वेढ्यांत असते. सहाणेवर हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा उगाळताना कशाचे किती वेढे घ्यायचे, हे बाळाच्या वयावर ठरते. बाळ वाढते तसे वेढे वाढतात. एका वेढ्यात नेमके किती द्रव्य उतरले, हे मात्र कळत नाही. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तरीही वेढ्यांमागचा विचार खरा आहे: औषध बाळाच्या मापाचे हवे.

कारखान्यातली गोळी बहुधा मोठ्यांच्या मापाने निघते आणि मुलाच्या वाट्याला तिचा तुकडा येतो. काही ठिकाणी तुकडा चालतो. वाशिम जिल्ह्यातील अंगणवाडीत असो की मुंबईत, जुलाब झालेल्या दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला झिंकची 20 मिलिग्रॅमची अर्धी गोळी चमच्यात विरघळवून देतात. सहा महिन्यांनंतर पूर्ण गोळी, दोन्ही वेळी 14 दिवस. जंतनाशक अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळीही एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धीच देतात.

कॅप्सूलचा तुकडा मात्र करता येत नाही. विदर्भात सिकलसेलच्या अनेक मुलांना हायड्रॉक्सियुरिया घ्यावे लागते आणि त्याची नेहमीची कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची असते. किलोमागे 20 मिलिग्रॅम धरले, तर 12 किलोच्या मुलाला रोज 240 मिलिग्रॅम हवे. मग कधी कधी एक दिवसाआड कॅप्सूल देऊन सरासरी जुळवली जाते. कॅप्सूल घरी उघडून पूड वाटणे धोक्याचे, कारण हे औषध पेशींच्या वाढीवर परिणाम करते. त्याला उघडा हात लागू नये.

  

औषधाच्या त्रिमितीय (3D) छपाईत मात्र गोळी तोडावी लागत नाही, ती हव्या त्या मापाची घडवली जाते. औषध, जिलेटिन किंवा पेक्टिन, गोडी आणि स्वाद यांचे घट्ट मिश्रण सिरिंजमध्ये भरतात. ते कोमट करून बारीक तोटीतून धाग्यासारखे सोडले जाते आणि वेढ्यावर वेढा चढत गोळी तयार होते. मिश्रणाच्या एका ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅम औषध असेल, तर 1.2 ग्रॅमच्या गोळीत 240 मिलिग्रॅम येते आणि 1.8 ग्रॅमच्या गोळीत 360. मिश्रण तेच राहते. संगणकावर बदलतो तो फक्त आकार. इथे वेढ्याला वजन मिळते.

2015 साली अमेरिकेत मंजूर झालेली स्प्रिटाम ही अपस्माराची छापील गोळी घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरते. पुडीचे थर द्रवाच्या थेंबांनी जोडलेले असतात, दाब दिलेला नसतो, म्हणून ती सच्छिद्र राहते. पण ती ठरावीक मापांतच मिळते.

मुलागणिक माप बदलण्याचा प्रयोग स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील रुग्णालयात झाला; त्याचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. मेपल सिरप युरिन डिसीज या जन्मजात विकारात काही अमिनो आम्ले शरीरात पचत नाहीत. आहार फार आवळावा लागतो, आणि मग आयसोल्युसिन मोजून वरून द्यावे लागते. ते कडवट असते. चार मुलांसाठी ते चघळायच्या गोळ्यांत छापले गेले, सहा स्वादांत आणि सहा रंगांत. रक्तातील पातळी नेहमीच्या पुड्यांच्या तुलनेत लक्ष्याच्या अधिक जवळ राहिली. सर्व मुलांना एकच स्वाद आवडला नाही, आणि स्वाद बदलून देता येणे हाच या पद्धतीचा गुण ठरला.

कडू औषध मधात चाटवण्याची घरगुती रीत वर्षाच्या आतील बाळासाठी वर्ज्य आहे; मधातून बोटुलिझमचा धोका असतो. छापील गोळीचा धोका निराळा आहे: ती खाऊसारखी दिसते, म्हणून ती कडीकुलपात ठेवावी लागते. हायड्रॉक्सियुरियासारखे औषध छापायचे, तर यंत्रही बंदिस्त कक्षातच हवे.

यंत्राला सगळ्यात आधी मुलाचे आजचे वजन लागते. 12 किलोचे मूल 14 किलोचे झाले की 240 मिलिग्रॅमचे 280 होतात; जुन्या वजनावर छापलेली गोळी कितीही नेटकी असली तरी चुकीची. त्यामुळे या साखळीची पहिली कडी म्हणजे अंगणवाडीतला वजनकाटा आणि दर महिन्याला नीट भरलेली नोंदवही.