रोग गेला, पण घास उतरतो का?



वजनकाट्यावर ऊस किती टन भरला एवढ्यावर हंगाम ठरत नाही. साखर उतारा किती पडला तेही पाहावं लागतं. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचंही तसंच आहे. रोगी वाचला हे टनेज झालं. वाचल्यावर त्याला जेवता येतं का, बोलता येतं का, चारचौघांत बसता येतं का, हा उतारा. तो मोजायची रीत आता बसलेली आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु तंबाखू, मिश्रीची सवय आपल्या बांधाबांधावर असल्याने ही माहिती सभासदांच्या घरी पोचावी असे आम्हांस वाटते.

डॉक्टर ज्याला डोके व मानेचा कर्करोग म्हणतात तो मेंदूचा नव्हे. गाल, जीभ, हिरड्या, घसा, स्वरयंत्र या जागांचा तो रोग. शस्त्रक्रियेत जिभेचा वा जबड्याचा भाग काढावा लागतो. किरणोपचाराने लाळ आटते, तोंड कोरडं पडतं, चव जाते, कित्येकांचा जबडा पुरता उघडत नाही. गाठ गेलेली असते, पण भाकरी आमटीत कुस्करूनही घास उतरत नाही. मग माणूस पंगतीला जायचं टाळतो, घरातही कोपऱ्यात बसून जेवतो. डॉक्टरांनी विचारलं तर मात्र उत्तर एकच, "बरं आहे."

हे "बरं आहे" खरं किती, ते कळावं म्हणून प्रश्नपत्रिका आहेत. युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेची ३० प्रश्नांची पत्रिका १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या जोडीला डोके व मानेच्या रोग्यांसाठी ३५ प्रश्नांची वेगळी पत्रिका आहे. गेल्या आठवड्यात गिळताना त्रास झाला का? फोनवर बोलणं जड गेलं का? घरच्यांसमोर जेवायला अवघड वाटलं का? बहुतेक प्रश्नांना चार उत्तरं असतात: अजिबात नाही, थोडं, बरंच, फार. त्यावरून ० ते १०० असे गुण काढतात. इथे एक ध्यानात ठेवावं. एकूण प्रकृतीचे गुण जास्त तर चांगलं. त्रासाचे गुण जास्त तर वाईट.

ही पत्रिका परक्या भाषेत राहिली नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तिची मराठी व हिंदी भाषांतरं रोग्यांवर पडताळून पाहिली गेली आणि ते काम २००५ साली प्रसिद्ध झालं. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे वालावलकर रुग्णालयात कर्करोग विभाग आहे. टाटा केंद्राच्या सहकार्याने त्या भागात गावोगाव तपासणीही झालेली आहे. चौकशीसाठी दर वेळी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही.

लागणीआधी माती तपासली नाही तर खताचा गुण कळत नाही. तसे हे गुण उपचाराआधी एकदा आणि नंतर ठरावीक मुदतीने घेतलेले बरे. शेजाऱ्याच्या गुणांशी तुलना करू नये. आपल्याच मागच्या गुणांशी करावी. घट दिसली तर उपाय असतात. जबड्याचे व्यायाम, गिळण्याचं व बोलण्याचं शिक्षण, आहाराचा सल्ला, वेदनेवर औषध. पण त्रास सांगितलाच नाही तर उपाय कोण करणार?

घरच्यांना आमची विनंती आहे. उत्तरं रोग्यालाच देऊ द्या. लिहिता-वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवा, पण उत्तर सुचवू नका. "त्यांना काही त्रास नाही" असं मुलाने परस्पर सांगितलं की बापाचा उपाशी घास तसाच राहतो. आणि ताट कोपऱ्यात न मांडता सगळ्यांबरोबर मांडा. त्याला वेळ लागेल, तेवढं थांबा.

शेवटी ज्यांना रोग नाही त्यांच्यासाठी. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागलं, तर ऊसतोडीचं निमित्त सांगत बसू नका, डॉक्टर गाठा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. खिशातल्या तंबाखूच्या पुडीवर बंदी आपली आपणच घालायची आहे.