दोरी ताणली की कुत्रा बिथरतो

मळ्यावरचा राखणीचा कुत्रा मोकळा असला आणि शेजारच्या मळ्यातला कुत्रा बांधावर आला, तर बहुधा मोठी मारामारी होत नाही. दोघे थोडे गुरगुरतात, हुंगतात, झुडपाशी तंगडी वर करतात आणि आपापल्या वाटेने जातात. त्याच कुत्र्याला गळ्यात दोरी घालून रस्त्याने न्यावे, तर समोरच्या बांधलेल्या कुत्र्यावर तो असा तुटून पडतो की धन्याच्या तळहातावर वळ उठतात. मग "हा मारका आहे" असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचे म्हणणे असे की पुष्कळदा खोड दोरीची असते.

मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ चालून येत नाहीत. वळसा घेऊन, मान किंचित फिरवून, कुशीच्या बाजूने येतात. डोळ्याला डोळा भिडवणे त्यांच्यात आव्हान समजले जाते. आता दोरी ताणलेल्या कुत्र्याकडे पाहा. मान वर, छाती पुढे, पुढचे पाय जवळजवळ अधांतरी, घशातून घरघर. त्याच्या मनात काही नसले तरी समोरच्याला तो भांडायला आलेलाच दिसतो. वळसा घ्यावा तर दोरी घेऊ देत नाही.

भित्र्या कुत्र्याची तर फारच पंचाईत होते. मोकळा असता तर तो शेपूट घालून बाजूला झाला असता. पळायची वाट बंद झाल्यावर भुंकून दुसऱ्याला घालवणे एवढाच उपाय त्याला उरतो. तो भुंकतो, समोरचा धनी आपला कुत्रा ओढत निघून जातो, आणि आपल्या कुत्र्याला वाटते, भुंकल्यामुळेच तो गेला! पुढच्या खेपेस तो आणखी लांबूनच सुरुवात करतो. त्यात आपण हिसका दिला किंवा काठी घातली, तर दुसरा कुत्रा दिसला की गळा आवळतो, एवढेच तो शिकतो.

चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात फिरायला नेलेल्या कुत्र्यांच्या भेटी अभ्यासकांनी टिपून ठेवल्या होत्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मोकळ्या कुत्र्यांपेक्षा दोरीवरच्या कुत्र्यांत दुसऱ्याला धमकावण्याचे प्रकार सुमारे दुप्पट आढळले.

म्हणून सर्व कुत्री सोडून द्यावीत असे मात्र नव्हे. रस्त्यावर वाहने असतात, शेजाऱ्याची कोंबडी-करडे असतात. दोरी हवीच, पण दोन हात लांब आणि सैल हवी. समोरून कुत्रा येताना दिसला की आधीच रस्त्याच्या कडेला सरावे, मधे गाडी किंवा झाड घ्यावे आणि वळसा घालून पुढे जावे. आपला कुत्रा शांत राहिला तर भाकरीचा तुकडा त्याच वेळी द्यावा, घरी गेल्यावर नव्हे. "भेटू द्या की त्यांना" म्हणून दोन्ही कुत्र्यांची तोंडे दोरीवर समोरासमोर आणणारे असतात, त्यांना नम्रपणे नकार द्यावा. दारात दिवसभर आखूड साखळीला असलेल्या कुत्र्याचेही असेच होते. येणारा-जाणारा प्रत्येक कुत्रा त्याला दिसतो, गाठता मात्र एकही येत नाही. त्याला कुंपणाच्या आत रोज थोडा वेळ मोकळे सोडावे.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती रेबीजची लस टोचण्याच्या शिबिरात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. लुई पाश्चर यांचे १८९५ साली याच दिवशी निधन झाले. त्या सुमारास पुष्कळ ठिकाणी अशी शिबिरे भरतात. एका अंगणात वीस-पंचवीस कुत्री, सगळी दोरीवर, सगळ्या दोऱ्या ताणलेल्या! रांगेत खेटून उभे राहू नये. कुत्र्याला लांब झाडाखाली धरावे आणि पाळी आली की पुढे न्यावे. लहान मुलांच्या हाती दोरी देऊ नये. कुत्री जुंपलीच तर मधे हात घालू नये, बादलीभर पाणी ओतावे. अशा वेळी सोडवायला गेलेल्या माणसालाच चावा बसतो, आणि तिथे आलेल्या कुत्र्यांना अजून लस मिळालेली नसते.

चावा किंवा दाताचा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना जावे. कुत्रा ओळखीचा असला तरी दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी.