जुन्या लॅपटॉपची नाडीपरीक्षा

बाजारात बैल घेण्यास गेलेला शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून त्याची चाल पाहतो आणि मगच किमतीचे बोलणे काढतो. जुनी वस्तू पारखून घेण्याचे हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. परंतु हाच मनुष्य संगणकांच्या बाजारात शिरला की त्याची पारख लुळी पडते. दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की बेंगळुरूचा एस. पी. रोड असो, तेथे मांडलेला वापरलेला लॅपटॉप बाहेरून चकचकीत असतो, दुकानात तत्परतेने सुरू होतो, आणि त्याचे दात मोजण्याची सोय वरवर तरी कोठे दिसत नाही. त्याची खरी चाल कळते ती घरी आल्यावर, जड काम सांगितल्यावर.

असे एक उदाहरण कल्पावे. दिल्लीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने शिकवण्या करून साठविलेली रक्कम वेचून २०१९ सालच्या बनावटीचा एक गेमिंग लॅपटॉप घेतला. त्यात इंटेलचा आय-५ ९३००एच हा प्रोसेसर आहे, एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आहे आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. २०१५ साली संगणकावर आलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा खेळ एवढ्या सामग्रीने सहज पेलावा. प्रत्यक्षात मात्र पहिली दहा मिनिटे खेळ बरा चालतो. मग पडद्यावरील मोटारी अडखळू लागतात, दूरचे रस्ते उशिरा उमटतात आणि पंखे घोंघावू लागतात. मित्र म्हणतात, ‘फसलास.’ दुकानदार म्हणतो, ‘आता याच्यात दम नाही, नवा घ्या.’ विद्यार्थ्यापुढील प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. याच यंत्रावर त्याला यंत्रभागांचे आराखडे काढावयाचे आहेत, आणि वर्षभराची बचत त्यात अडकलेली आहे. ती बुडाली की यंत्र नुसते आजारी आहे, एवढेच त्याला कळावयास हवे आहे.

अशा प्रसंगी घाईने केलेला खर्च बहुधा वाया जातो. कोणी म्हणतो रॅम वाढवा, कोणी म्हणतो विंडोज पुन्हा घाला, कोणी खाली ठेवावयाचा पंखा आणून देतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार होतो. जाणता वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग मात्रा उगाळतो. लॅपटॉपच्या बाबतीतही हाच क्रम हितावह आहे. कारण जुन्या यंत्राची शक्ती पुष्कळदा नष्ट झालेली नसते, ती कोठेतरी अडलेली असते. ती कोठे अडली हे शोधणे, आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहणे, हेच या निदानाचे सार होय.

प्रथम ‘मंद’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. खेळातील दृश्य म्हणजे भराभर काढलेल्या चित्रांची मालिका. एका सेकंदाला ६० चित्रे उमटली तर हालचाल सलग भासते. याचा अर्थ प्रत्येक चित्र काढण्यास यंत्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. चित्रांचा वेग ३० वर आला की हा अवधी ३३ मिलिसेकंदांचा होतो आणि जडपणा डोळ्यांना जाणवू लागतो. हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखविणारी साधने विनामूल्य मिळतात. वर सांगितलेल्या खेळात तर वेग मोजण्याची स्वतंत्र चाचणीच अंतर्भूत आहे. आकडा लिहून ठेवावा, कारण त्यावाचून सुधारणा झाली की नाही हे केवळ मनाच्या समजुतीवर राहते.

मंदपणाचे तीन प्रकार संभवतात. वेग आरंभापासूनच कमी असेल तर यंत्राला पुरेशी वीज मिळत नसावी, अथवा काम भलत्याच चिपकडे गेलेले असावे. वेग आरंभी चांगला असून काही मिनिटांनी कोसळत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. सरासरी वेग बरा असून मधूनच झटके बसत असतील तर रॅम अथवा हार्ड डिस्क यांकडे पाहावे. एकाच यंत्रात दोन रोग एकत्र नांदू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

वीज ही सर्वांत सोपी तपासणी. म्हणून ती आधी करावी. गेमिंग लॅपटॉप केवळ बॅटरीवर पूर्ण शक्तीने चालत नाही. तो आपला वेग मुद्दाम आवरून धरतो. पण चार्जर लावूनही अडचण राहू शकते, कारण जुन्या यंत्रासोबत मूळचाच चार्जर येईल असा भरवसा नसतो. चार्जरच्या पाठीवर व्होल्ट आणि अँपिअर हे आकडे छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १९.५ व्होल्ट आणि ६.९२ अँपिअर यांचे सुमारे १३५ वॅट होतात, तेच ३.३३ अँपिअर असतील तर केवळ ६५. उदाहरणातील प्रोसेसर ४५ वॅटचा आणि ग्राफिक्स कार्ड ५० वॅटचे आहे. या दोघांचेच ९५ वॅट झाले. पडदा, पंखे व डिस्क यांचा खर्च वेगळाच. ६५ वॅटचा चार्जर अशा यंत्राला जिवंत ठेवील, धावू देणार नाही. काही लॅपटॉप तर अनोळखी चार्जर लागताच प्रोसेसरचा वेग अगदी तळाशी नेतात. चार्जर योग्य असेल तर विंडोजमधील वीजवापराची निवड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर आहे किंवा नाही ते पाहावे. कित्येकदा दोष एवढाच असतो.

यानंतर काम योग्य चिपकडे जाते काय, हे पाहावे. अशा लॅपटॉपात चित्रे काढणाऱ्या चिपा साधारणतः दोन असतात: एक प्रोसेसरच्या पोटातील, अल्पशक्तीची व काटकसरी, दुसरी स्वतंत्र व बलवान. विंडोजने चुकून खेळ पहिलीच्या हवाली केला तर बलवान चिप निवांत बसून राहते. खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडला की ‘जीपीयू ०’ आणि ‘जीपीयू १’ अशी दोघींची कामगिरी वेगवेगळी दिसते; कोणती कोणती आहे ते सोबतच्या नावावरून कळते. बलवान चिप रिकामी आढळली तर विंडोजच्या डिस्प्ले विभागातील ग्राफिक्सच्या पानावर त्या खेळासाठी तिची निवड करावी. या दुरुस्तीस एक पैसाही पडत नाही.

आता उष्णतेकडे वळावे. उदाहरणातील विद्यार्थ्याचे यंत्र दहा मिनिटांनी मंदावते, यावरून त्याचा मुख्य रोग हाच असावा. प्रोसेसरला सहन होणाऱ्या तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. पारा तेथे टेकला की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग उतरवितो. म्हणजे यंत्र त्या घटकेला आळशी झालेले नसते, ते आत्मरक्षण करीत असते. आतील रचना अशी असते की चिपांवरील उष्णता तांब्याच्या नळ्यांतून पातळ पत्र्यांच्या दाट जाळीपर्यंत येते आणि पंखा त्या जाळीतून वारा फेकून ती बाहेर घालवितो. चार-पाच वर्षांत पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धूळ व कपड्यांचे तंतू साचून लोकरीच्या पट्टीसारखा थर जमतो. पंखा फिरत राहतो, आवाजही करतो, परंतु वारा बाहेर पडत नाही. चिप आणि तांबे यांच्यामधील उष्णतावाहक लेपही तोवर सुकलेला असतो.

आपल्या देशातील हवामान यात भर घालते. यंत्र किती उष्णता बाहेर टाकू शकेल हे चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. चिप ९५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर हे अंतर ७० अंशांचे होते. नागपुरात अथवा दिल्लीत मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली की ते ५३ वर येते. म्हणजे उष्णता घालविण्याची क्षमता जवळजवळ चतुर्थांशाने घटते. हिवाळ्यात निर्दोष वाटलेले यंत्र उन्हाळ्यात धापा टाकते त्याचे कारण हे. त्यातच लॅपटॉप गादीवर ठेवला तर खालच्या झरोक्यांतून वारा आत शिरेनासा होतो. तो सपाट टेबलावर ठेवावा आणि मागची बाजू किंचित उचलून धरावी, हा पहिला उपाय. आतील थर काढून नवा लेप लावून घेणे, हा दुसरा; आणि हात बसलेला नसेल तर तो जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावा. जो स्वतः करील त्याने चार्जर काढावा, बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. येथेच एक इशारा देणे अगत्याचे आहे. टचपॅड वर उचललेला दिसला अथवा खालचे झाकण फुगलेले आढळले, तर बॅटरी सुजलेली असण्याचा संभव असतो. अशा बॅटरीस दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये. वापर तत्काळ थांबवून ती जाणकाराकडून काढून घ्यावी. आगीच्या धोक्यापुढे खेळाचा वेग ही क्षुल्लक बाब आहे.

मधूनच बसणाऱ्या झटक्यांचे मूळ बहुधा साठवणीत असते. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास ११ मिलिसेकंद लागतात. आणि एक संपूर्ण चित्र काढण्यास यंत्राजवळ असतात अवघे १७. खेळाला रस्त्याचा पुढचा तुकडा हवा असताना डिस्क फिरत राहते आणि दृश्य खोळंबते. एसएसडीमध्ये फिरणारे असे काही नसल्यामुळे हा खोळंबा जवळजवळ नाहीसा होतो. रॅमचेही तसेच. ८ जीबीमध्ये विंडोज, ब्राउझर आणि खेळ यांची दाटी झाली की उरलेला भार डिस्कवर टाकला जातो. शिवाय एकच पट्टी असेल तर प्रोसेसरला रॅमकडे जाण्याचा एकच मार्ग मिळतो. तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी रिकाम्या जागी बसविली की मार्ग दोन होतात. मात्र टास्क मॅनेजरमध्ये रॅम खरोखरच भरलेली दिसल्यावाचून, अथवा एकच पट्टी असल्याची खात्री झाल्यावाचून हा खर्च करू नये.

पूर्वीच्या मालकाचा संसारही यंत्रात मागे राहिलेला असतो: त्याचे प्रोग्राम, त्याची खाती, कधी एखादा उपद्रवी पाहुणाही. म्हणून विंडोज नव्याने बसविणे आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मूळ उत्पादकाकडून घेणे इष्ट. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे ग्राह्य धरले जातात. त्याआधीचे यंत्र घेताना ही गोष्ट किमतीत धरली पाहिजे.

एवढे केल्यावरच खेळातील चित्रांची गुणवत्ता कमी करण्याकडे वळावे. पडद्यावरील ठिपके १९२० गुणिले १०८० वरून १६०० गुणिले ९०० वर आणले तर रंगवावयाच्या ठिपक्यांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटते. सावल्यांचा तपशील उतरविल्यानेही पुष्कळ भार हलका होतो, आणि खेळाची गोडी फारशी कमी होत नाही.

तथापि प्रत्येक मर्यादा ओलांडता येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. लॅपटॉपातील ग्राफिक्स चिप सामान्यतः पटलावर डाक देऊन कायमची बसविलेली असते. ती बदलता येत नाही. नावावरूनही फसगत होते. २०२१ साली आलेले आरटीएक्स ३०६० हे लॅपटॉपमधील कार्ड कोठे ६० वॅटवर, तर कोठे ११५ वॅटवर चालते. नाव एक, चाल दोन. म्हणून जुने यंत्र घेतानाच चार्जरचे वॅट वाचावे आणि जड खेळ निदान अर्धा तास चालवून तापमान व वेग पाहावा. दुकानदार तयार नसेल तर परत करण्याची मुदत लिहून घ्यावी, आणि ही परीक्षा त्या मुदतीतच उरकावी. लॅपटॉपचे दात मोजण्याची रीत ती हीच.

उदाहरणातील विद्यार्थ्याने या क्रमाने तपासणी केली तर चार्जर योग्य, कार्डाची निवडही योग्य, पण दहाव्या मिनिटाला पारा शंभरावर, असे त्याला आढळेल. जाळीतील थर काढून नवा लेप लावला की वेगाची घसरण थांबेल. पुढे हाती पैसे येतील तसतशी एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी बसवावी. २०१९ चे यंत्र याने आजच्या नव्या यंत्राची बरोबरी करणार नाही. परंतु ज्या कामासाठी ते घडविले गेले ते काम ते नेटाने करील, आणि ‘याच्यात दम नाही’ हा निर्णय यंत्राची नाडी न पाहताच दिलेला होता, हे त्याच्या ध्यानात येईल.