गाडी विसरत नाही म्हणतात, मग हात का थरथरतात?

"पोहणं आणि सायकल एकदा आली की जन्मभर विसरत नाही," असं आपल्याकडे सगळेच सांगतात. मोटरसायकललाही हाच नियम लावला जातो. त्यामुळे पाच-सात वर्षांनी गिअरची गाडी पुन्हा हातात घेणाऱ्याला दोन त्रास होतात. एक भीतीचा, आणि दुसरा "अरे, हे तर मला येत होतं ना!" या लाजेचा. बऱ्याचदा दुसरा त्रास पहिल्यापेक्षा जास्त घातक ठरतो, कारण लाजेपोटी माणूस मैदानावरचा सराव टाळतो आणि थेट रस्त्यावर येतो.

हा विषय इथे घ्यायचं कारण सांगते. संशोधनाची तयारी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना फील्डवर्कसाठी गाडी लागते. मी बारावीनंतरच्या सुट्टीत बाबांच्या गाडीवर शिकले. मग सहा वर्षं शहरात बिनगिअरची स्कूटर चालवली, आणि पीएच.डी.ला आल्यावर झऱ्यांच्या पाण्याचे नमुने आणायला परत गिअरच्या गाडीवर बसावं लागलं. तेव्हा या विषयावर जे वाचलं ते गाडीपुरतं नव्हतं. "विसरणं", "येणं", "भीती" या रोजच्या शब्दांचं मोजता येईल अशा प्रश्नात रूपांतर कसं करायचं, याचा तो चांगला धडा होता.

भीती निराधार नाही, हे आधीच स्पष्ट करते. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणून "काही होत नाही गं, बस आणि चालव" हा सल्ला मी देणार नाही.

विसरलो की नाही, हे मोजायचं कसं?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मृतीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोगात प्रयोगकर्ता तेच आणि विषयही तेच. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करायचे, काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायचे, आणि दुसऱ्या वेळी किती कष्ट वाचले ते मोजायचे. याला आपण "बचत" म्हणू. समजा पहिल्यांदा २० आवर्तनं लागली आणि महिन्याने ८ लागली, तर बचत झाली (२० − ८) ÷ २० म्हणजे ६० टक्के.

या पद्धतीची गंमत अशी, की त्या दिवशी तुम्हाला यादीतला एकही शब्द आठवला नाही तरी बचत शून्य असेलच असं नाही. आठवणं ही एक मोजपट्टी आहे आणि पुन्हा शिकायला लागणारा वेळ ही दुसरी. गाडीवर परत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ती चार वेळा बंद पडली, तर "मी सगळं विसरलो" असा निष्कर्ष निघत नाही. पहिल्यांदा शिकताना क्लच जमायला चार दिवस लागले होते आणि आता एक तास लागला, तर बचत भरपूर आहे. नेट किंवा गेटसाठी चार वर्षांनी कॅल्क्युलस उघडणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. पहिल्या पानावर काय आठवलं यापेक्षा पहिला धडा संपायला किती वेळ लागला ते बघा.

गाडी चालवणं हे एक कौशल्य नाही

"विसरत नाही" हे विधान खरं की खोटं, याचं उत्तर गाडी चालवण्याचे तुकडे केल्यावरच मिळतं. मी तीन तुकडे करते.

पहिला तुकडा तोल आणि सतत चालणारं नियंत्रण. हे शरीर शिकतं आणि शब्दांत सांगता येत नाही. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवीन आठवणी साठवता येईनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला आठवत नव्हतं. म्हणजे हाताला येणं आणि आपल्याला आठवणं या मेंदूच्या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. पुढे १९६२ मध्ये फ्लाइशमन आणि पार्कर यांनी विमान उडवण्यासारखं सतत नियंत्रणाचं काम लोकांना शिकवलं, काहींना तब्बल दोन वर्षांनी परत बोलावलं, आणि कौशल्यात फारच थोडी घट दिसली. म्हणजे पोहण्या-सायकलीची म्हण या तुकड्यापुरती बरीचशी खरी आहे.

दुसरा तुकडा क्रमाचा. चावी, पेट्रोलचा कॉक, न्यूट्रल, स्टँड, क्लच, पहिला गिअर. सुट्या पायऱ्यांचा असा क्रम सरावाशिवाय लवकर निसटतो. स्टँड काढायचा राहतो किंवा तिसऱ्या गिअरमध्येच गाडी उचलायचा प्रयत्न होतो, ते यामुळेच. उपाय सोपा आहे: यादी. विमानाच्या पायलटला यादी वाचायची लाज वाटत नाही, तर आपल्याला का वाटावी?

तिसरा तुकडा रस्ता वाचण्याचा. उभ्या रिक्षाचं पुढचं चाक वळलेलं दिसलं की ती निघणार, बसच्या पुढून कोणीतरी पळत येणार, वळणावर वाळू असणार. इथे हातापायांपेक्षा डोळे आणि अंदाज लागतो. तुम्ही स्कूटर किंवा सायकल चालवत राहिला असाल तर हा तुकडा ताजा असतो. सहा वर्षं लोकल आणि बसने फिरला असाल तर नाही.

तीन तुकडे, तीन वेगळे दर. म्हणूनच "मला गाडी येते का?" या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

डाव्या हाताचा घोटाळा

विसरण्यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे: मधल्या काळात शिकलेलं दुसरं काहीतरी. बिनगिअरच्या स्कूटरवर डाव्या हातातला लिव्हर मागचा ब्रेक असतो. गिअरच्या गाडीवर तोच लिव्हर क्लच असतो. सहा वर्षं रोज डाव्या हाताने थांबलेला माणूस गाडीवर बसतो, समोर अचानक कुत्रं येतं, आणि डावा हात सवयीने पूर्ण आवळला जातो. चाकांचा इंजिनशी संबंध तुटतो, इंजिनमुळे मिळणारा अटकावही जातो, आणि गाडी घरंगळत पुढे जात राहते. ब्रेक लावला असं डोकं म्हणतं, पण तो लागलेलाच नसतो.

स्मृतीच्या अभ्यासात याला हस्तक्षेप म्हणतात. एकाच खुणेला दोन उत्तरं जोडली गेली, की घाईच्या क्षणी जास्त सराव झालेलं उत्तर बाहेर येतं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात असायचा, त्यामुळे त्यावर शिकलेल्यांना नव्या गाडीवर हाच त्रास पायात होतो. गिअर सगळे पुढे दाबायचे की पहिला खाली आणि बाकीचे वर, यातही गाड्यांगणिक फरक असतो.

हे फक्त तर्कशास्त्र नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली आलेल्या या अहवालात एक नोंद आहे: अपघातग्रस्तांचा रस्त्यावरचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता, पण अपघात झालेल्या त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांचा पाच महिन्यांपेक्षा कमी होता. अपघात टाळायला साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळत होता. त्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

आता यात थोडं भौतिकशास्त्र बघा. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि त्याची पकड घटते. म्हणून थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. प्रतिक्रियेला १ सेकंद आणि नंतर ५ मी./से.² इतका मंदावण्याचा दर धरला, तर थांबायला ११.१ + १२.३ = २३.४ मीटर लागतात. "कुठला लिव्हर?" या विचारात आणखी एक सेकंद गेला तर ३४.५ मीटर. मधले ११ मीटर म्हणजे जवळपास एका एसटीची लांबी.

भीती गाडीवर काय करते?

भीतीचा पहिला परिणाम हातांवर होतो. मूठ घट्ट होते, कोपर ताठ होतात. चालती गाडी एका बाजूला कलली की पुढचं चाक आपोआप त्या बाजूला थोडं वळतं आणि गाडी सावरते. ताठ हात नेमकी हीच छोटी हालचाल अडवतात.

दुसरा परिणाम वेगावर. घाबरलेला माणूस अगदी हळू जातो, आणि दुचाकीचा तोल सर्वांत अवघड असतो तो अगदी कमी वेगातच. गाडी डगमगते, भीती वाढते, मूठ आणखी घट्ट होते. हे चक्र "घाबरू नकोस" म्हणून तुटत नाही. मूठ सैल करून, गुडघ्यांनी टाकी धरून, मागचा ब्रेक हलका ठेवून हाफ क्लचवर चालवण्याचा सराव केला की तुटतं.

तिसरा परिणाम नजरेवर. भीतीने नजर पुढच्या चाकाजवळच्या खड्ड्यावर खिळते. लँड आणि ली यांनी १९९४ मध्ये कारचालकांच्या नजरेचा माग काढला तेव्हा वळण घेताना चालक वळणाच्या आतल्या कडेवरचा पुढचा बिंदू बघतात असं दिसलं. हात नजरेमागून जातात. म्हणून खड्डा बघू नका, खड्ड्याच्या बाजूची वाट बघा.

इथे पुस्तकांतला एक लाडका आलेख आठवेल: थोडा ताण चांगला, जास्त वाईट, उलट्या यू आकाराचा. तो यर्किस आणि डॉडसन यांच्या नावे खपतो. पण त्यांचा १९०८ चा मूळ प्रयोग उंदरांवरचा होता. विजेच्या धक्क्याची तीव्रता बदलून उंदीर दोन पेट्यांतला फरक किती लवकर शिकतात, हे त्यांनी पाहिलं. सोप्या कामात जोरदार धक्क्याने शिकणं वाढलं, अवघड कामात मध्यम धक्का बरा ठरला. माणसांच्या परीक्षा, नोकरी, ड्रायव्हिंग हे सगळं त्यावर नंतर चढवलं गेलं. मूळ पेपर वाचायची सवय लावा, ती इथे कामाला येते.

सराव कसा करायचा

आधी कागद: बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स गिअरच्या गाडीला चालत नाही, आणि मुदत संपलेली नाही ना हेही बघा. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेला. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीवर एबीएस आणि त्याखाली निदान जोडब्रेक सक्तीचा झाला. तुमची आधीची गाडी जुनी असेल तर पायातल्या ब्रेकचं वागणं बदललेलं असू शकतं.

मग मोकळं मैदान. इंजिन बंद ठेवून पन्नास वेळा डावा क्लच, उजवा ब्रेक. हे हास्यास्पद वाटतं, पण हस्तक्षेपावर औषध हेच: नव्या जोडणीला संख्येने जिंकू द्यायचं. त्यानंतर हाफ क्लचवर सरळ रेष, आरटीओसारखा आठ, आणि ताशी २०, मग ३०, मग ४० वरून सरळ रेषेत थांबणं. पुढचा ब्रेक झटक्याने ओढायचा नाही, दाब वाढवत न्यायचा.

पहिले काही दिवस एकेक गोष्ट घोटा. जरा जमली की मिसळा: एक आठ, एक ब्रेक, एक चढावर उचलणं. शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात हालचालींचा सराव मिसळून करणारे सरावाच्या वेळी मागे होते, पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत पुढे निघाले. सरावात गुळगुळीत चालणं आणि शिकलेलं असणं यात फरक आहे. एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवून "आलं" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मी वहीत रोज तीन आकडे लिहायचे: गाडी किती वेळा बंद पडली, ताशी ३० वरून थांबायला किती पावलं लागली, आणि भीती दहापैकी किती. पंधरा दिवसांत पहिला आकडा लवकर खाली आला, दुसरा हळूहळू, आणि भीती सर्वांत शेवटी. भीती कमी झाल्यावर सराव सुरू करू म्हणणाऱ्यांनी हा क्रम बघावा. अर्थात हा एका माणसाचा आणि एका गाडीचा तक्ता आहे. यावरून माझ्याबद्दल थोडं कळतं, तुमच्याबद्दल नाही.

शेवटी एक गृहपाठ

हर्ट यांच्याच अहवालात आहे, की अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते. यावरून "घरी शिकलेले जास्त धोक्यात" असं म्हणता येईल का? नुसत्या या आकड्यावरून नाही. रस्त्यावरच्या सगळ्याच चालकांत असे लोक किती होते, हे कळल्याशिवाय ९२ ला अर्थ नाही. ते ९२ टक्केच असतील तर प्रशिक्षणाचा काहीच फायदा दिसला नाही असा अर्थ होईल. हर्ट यांच्या गटाला हे माहीत होतं. म्हणून त्यांनी अपघात न झालेल्या चालकांचीही माहिती गोळा केली आणि मगच प्रशिक्षणामुळे अपघातातला सहभाग कमी होतो असं लिहिलं. शिवाय हे सगळं अमेरिकेतलं, ४० हून अधिक वर्षांपूर्वीचं. त्यातली टक्केवारी आपल्या रस्त्यांवर आणता येणार नाही. भार पुढे सरकण्याचं भौतिकशास्त्र मात्र आणता येईल.

आता तुमच्या विषयातला असा एखादा टक्केवारीचा दावा शोधा आणि एका ओळीत लिहा: याचा छेद कुठला, आणि तो कोणी मोजलाय? गाडीचं म्हणाल, तर रविवारी सकाळी सात वाजता कॉलेजचं मैदान रिकामं असतं.