मूल ‘मोठं झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळी, गेल्या वेळी आपण ‘लक्षण’ या संकल्पनेपाशी थांबलो होतो. एखादी वस्तू इतरांपासून वेगळी ओळखता यावी अशी खूण म्हणजे तिचं लक्षण. आज हेच हत्यार घेऊन आपण एका घरगुती प्रश्नाकडे जाऊ. गाडीतली मुलाची सीट बदलायची वेळ झाली, हे ओळखायचं कसं? समोर आजी-आजोबा बरेच दिसतात, त्यामुळे प्रश्न परका वाटणार नाही.

पायऱ्या साधारण चार आहेत. पहिली, मागे तोंड करून बसायची सीट. दुसरी, पुढे तोंड असलेली, खांद्यांवरून आणि पायांमधून येणाऱ्या पट्ट्यांची सीट. तिसरी बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच बेल्ट योग्य जागी आणणारी बैठक. चौथी, नुसता बेल्ट.

या पायऱ्या कशासाठी, ते आधी बघू. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरा. गणित केलं तर 10 किलोच्या बाळावर सुमारे 200 किलो वजनाइतका जोर येतो. मांडीवर घट्ट धरून बसलेली आजी कितीही खंबीर असली, तरी हा जोर तिच्या हातांना पेलणारा नाही. त्यात नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. डोकं जड आणि मानेची हाडं अजून पुरती जुळलेली नाहीत. पुढे तोंड करून बसवलं, तर समोरून धडक बसताच धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल, तर पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर विभागला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांच्या आसनांवरून. 1964 मध्ये व्होल्वोने अशा सीटचा पहिला नमुना तपासून पाहिला.

आता लक्षणाकडे येऊ. ‘दोन वर्षं पूर्ण झाली म्हणजे पहिली सीट संपली’ हे लक्षण न्यायशास्त्राच्या कसोटीवर लावून पाहा. शिंगं असणं हे गाईचं लक्षण म्हटलं तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. तपकिरी रंग हे लक्षण म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. वयाच्या लक्षणात दोन्ही दोष आहेत. लहान चणीचं दोन वर्षांचं मूल अजून त्या सीटमध्ये छान मावतं, तरी आपण त्याला बाहेर काढतो. आणि अंगाने थोराड बाळ वर्षाच्या आतच तान्ह्या बाळांच्या सीटबाहेर गेलेलं असतं, तरी आपण वाढदिवसाची वाट बघतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्ये दोन वर्षांपर्यंत मागे तोंड ठेवा असं सांगितलं होतं. 2018 मध्ये त्यांनी वयाची ती अट काढली आणि सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मागेच तोंड राहू द्या, असं म्हटलं. युरोपातल्या नव्या नियमात 15 महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. पण ती किमान मर्यादा आहे, 15 महिने झाले की सीट फिरवा असा तिचा अर्थ नाही.

मग खरी खूण कुठे शोधायची? मुलाचं शरीर आणि सीट यांच्या संबंधात. सीटच्या लेबलवर वजन आणि उंची छापलेली असते. दोन्हीपैकी एक मर्यादा ओलांडली की ती सीट संपली. मागे तोंड असताना पट्ट्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खालून याव्यात, आणि डोक्याच्या वर सीटची पाठ निदान इंचभर उरावी. पुढे तोंड असताना त्याच पट्ट्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित वरून याव्यात.

इथे एक हेत्वाभास फार प्रचलित आहे. ‘पाय दुमडायला लागले, अवघडतो बिचारा, आता फिरवू या.’ दुमडलेले पाय ही सीट संपल्याची खूण नव्हे. मुलं मांडी घालून तासन्‌तास बसतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

बूस्टर सोडण्याची परीक्षा वेगळी. पाठ गाडीच्या सीटला पूर्ण टेकलेली, गुडघे सीटच्या कडेवर वाकलेले, खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर, आणि वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावर. हे सगळं प्रवास संपेपर्यंत टिकलं पाहिजे. दहा मिनिटांत मूल घसरून बसत असेल, तर अजून वेळ आहे. पट्टा पोटावर चढला, तर धडकेत तो आतड्यांना इजा करतो.

तुम्ही म्हणाल, एक आकडा सांगून टाका ना! ब्रिटनमध्ये 135 सेंटिमीटर किंवा 12 वर्षं, जर्मनीत 150 सेंटिमीटर किंवा 12 वर्षं. तेच मूल एका देशात मोठं, दुसऱ्यात लहान! युब्युलिडीसचा ढिगाऱ्याचा कूटप्रश्न आठवा: कितव्या दाण्याला ढीग होतो? कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर 1000 रुपये दंड ठेवला. पण कोणत्या मुलाला दोहोंपैकी काय, हे ते कलम सांगत नाही. ते आपल्यालाच पाहावं लागतं, आणि गाडी बदलली की बेल्टची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. रेघ पुसट असते तेव्हा कोणत्या बाजूला चुकणं परवडेल, हे विचारावं. सीटच्या मर्यादेत राहून बदल उशिरा केला, तर थोडी कुरकुर ऐकावी लागते. लवकर केला, तर मानेची किंमत मोजावी लागू शकते. आपण सीट बदलणं ही बढती समजतो, शेजारच्या मुलाशी तुलना करतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला मूल थोडं संरक्षण मागे सोडत असतं. तेव्हा घाई करण्यासारखं त्यात काही नाही. घरी गेल्यावर लेबल वाचा, मुलाची उंची आणि वजन घ्या, पट्ट्या कुठे येतात ते बघा. तेवढ्याने उत्तर मिळेल.